जुना कूलर: दुरुस्त करावा, बदलावा की एसी घ्यावा?



होळी झाली की आपल्या दारव्ह्यात घराघरांतून कूलर बाहेर निघतात. आठ महिने जिन्याखाली नाहीतर पडवीत पडून असलेला तो लोखंडी डबा दोघं-तिघं मिळून खिडकीशी आणतात. त्यावर ठेवलेलं सामान उतरतं, आतली धूळ झटकली जाते, जुन्या ताट्या उपसून फेकल्या जातात. मग पंप लावून पाहायचा, पंख्याला हातानं एक गिरका द्यायचा आणि बटण दाबायचं. चालला तर चालला. नाही चालला तर घरात दरवर्षीचा वाद सुरू होतो. सासूबाई म्हणतात, "बारा वर्सं झाले, अजून किती ओढता याले?" घरधनी म्हणतात, "मोटर चांगली आहे, यंदाचा उन्हाळा काढते." आणि मुलं म्हणतात, "आई, आता एसीच घेऊ."

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हाच विषय निघाला. बोलता बोलता लक्षात आलं, की कूलर घ्यायचा निर्णय बहुतेक घरांत पुरुष करतात. पण त्यात पाणी भरणं, टाकी घासणं, ताट्या ओल्या आहेत की नाही ते पाहणं आणि लेकरांना त्यापासून लांब ठेवणं हे सगळं आपणच करतो. ज्या वस्तूशी रोज आपला हात लागतो, तिची माहितीही आपल्याला हवी. म्हणून आज आम्ही जुना कूलर कसा तपासायचा, कधी दुरुस्त करायचा, कधी बदलायचा आणि एसी खरंच कुणाला लागतो, हे सांगणार आहोत.

आधी करंटचं बघा

पैशांचा हिशेब नंतर करू. आधी जिवाचं बोलू.

आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या घरी तिच्या लग्नात आंदण मिळालेला कूलर होता. अठरा वर्षं चालला. दर वर्षी ताट्या बदलायच्या, गंजलेल्या टाकीला डांबर लावायचं आणि सुरू करायचा. शेवटच्या दोन उन्हाळ्यांत त्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. पाहुणे आले की सांगायचे, "हात नको लावजो, थोडासा करंट देते." एका दुपारी तिची नऊ वर्षांची मुलगी अंगण धुऊन ओल्या पायांनी आत आली आणि आधारासाठी तिनं कूलरच्या कडेला हात टेकवला. ती मागे फेकली गेली म्हणून वाचली. हात चिकटला असता तर आज आम्ही ही गोष्ट अशी सांगत बसलो नसतो.

नंतर इलेक्ट्रिशियननं कूलर उघडला, तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पंपाची वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती. आणि तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन कुणीतरी कधीच तोडून टाकली होती, कारण भिंतीतल्या बोर्डाला दोनच भोकं होती.

ती जाड पिन म्हणजे अर्थिंगची पिन. कूलर चालायला ती लागत नाही, म्हणून ती बिनकामाची वाटते. पण आतली वायर सोलून पत्र्याला लागली, तर पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेऊन सोडायचं काम तिचं असतं. ती पिन नसेल, तर करंट वाट पाहत पत्र्यातच थांबतो. ओल्या पायांनी आपण हात लावला की त्याला आपल्या अंगातून जमिनीत जायला वाट मिळते. चप्पल घालून हात लावला तर झिणझिण्या येतात आणि अनवाणी, ओल्या पायांनी लावला तर जीव जातो. कूलर तोच, करंट तोच. म्हणून "थोडासा करंट" असं काही नसतं. झिणझिण्या हीच धोक्याची घंटा समजा आणि तो कूलर त्याच क्षणी बंद करा.

बऱ्याच जणींनी आम्हाला विचारलं, "आमच्या घरी एमसीबी आहे, मग भीती कशाची?" मैत्रिणींनो, एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. ती पडायला कित्येक अँपिअर करंट लागतो आणि माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी पुरतो. माणसाला वाचवणारं यंत्र वेगळं आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. काही इलेक्ट्रिशियन ईएलसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं घ्यायचं. करंट गळतो आहे असं दिसताच ते सेकंदाच्या अगदी छोट्या भागात लाईन तोडतं. त्यावर एक 'टेस्ट' बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून यंत्र पडतं की नाही ते पाहायचं. नवा कूलर घ्यायला पैसे साठवत असाल, तर त्यातले पहिले पैसे या यंत्रावर आणि घराच्या अर्थिंगवर खर्च करा. पुढे फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर या सगळ्यांनाच त्याचा उपयोग होतो.

महावितरण दर उन्हाळ्यात कूलरबद्दल सूचना देतं. त्यांतल्या कामाच्या गोष्टी अशा. पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा. पंपाची वायर पाण्यात लोंबकळू देऊ नका. वायरला मधे जोड असेल तर ती वायरच बदला, चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका. चालू कूलरमध्ये नळी सोडून पाणी भरू नका. आणि पाणी भरायचं काम लहान मुलांना सांगू नका.

कुणाला करंट लागलेला दिसला, तर धावत जाऊन त्याला धरायचं नाही. आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल, तर कोरड्या लाकडी काठीनं त्याला कूलरपासून दूर ढकला. १०८ ला फोन करा. माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास थांबला असेल, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात आणि लवकर लवकर दाबत राहा.

कूलर गार कसा करतो?

हे समजून घेतलं की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. आपल्या घरातला माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातलं पाणी गार लागतं. कूलरही तेच करतो. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांमधून झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. हवेतली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि हवा गार होऊन घरात येते.

यात पाणी किती काम करतं पाहा. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता हवेतून निघून जाते. म्हणजे दहा लिटर पाणी उडालं की जवळजवळ सात युनिटांची उष्णता गेली, आणि तेवढ्या वेळात कूलरनं वीज खाल्ली पाव युनिटभर. गारव्याचं खरं काम पाणीच करतं. पंखा आणि पंप नुसते मदतनीस.

यासाठी हवा कोरडी लागते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी पारा ४४ च्या आसपास असतो आणि हवा इतकी कोरडी, की दोरीवरचा कपडा अर्ध्या तासात वाळतो. अशा हवेत चांगला कूलर १४-१५ अंश कमी करून २९-३० अंशांची हवा देऊ शकतो. तोच कूलर जुलैत, पाऊस पडून गेल्यावर, दोन-तीन अंशांपेक्षा जास्त काही करू शकत नाही, कारण हवेत आधीच ओल असते आणि पाण्याची वाफ व्हायला जागा नसते. तेव्हा "कूलर बिघडला" म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेऊ नका. तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा. मुंबई-रत्नागिरीकडे कूलर फारसे दिसत नाहीत आणि विदर्भात घरोघरी दिसतात, याचंही कारण हेच. आपला उन्हाळा कडक आहे, पण कोरडा आहे. कूलर आपल्या हवेसाठीच आहे.

दुसरी गोष्ट. कूलरनं आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट हवी. अनेक घरांत कूलर लावला की दारं-खिडक्या गच्च लावून घेतात, गारवा बाहेर जाईल म्हणून. मग ओलसर हवा खोलीतच कोंडते, अंग चिकट होतं, गाद्या दमट होतात आणि कूलरला नावं ठेवली जातात. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर तरी उघडी हवी. आमच्यातल्या दोघींनी यंदा नुसतं एवढं केलं आणि नवा कूलर घ्यायचा बेत पुढे ढकलला.

तिसरी गोष्ट. कूलर नेहमी बाहेरून हवा घेणारा हवा. खोलीच्या आत मधोमध ठेवलेला कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. प्लास्टिकचा चाकांचा कूलर असला, तरी तो उघड्या खिडकीला पाठ लावून ठेवा.

म्हातारं काय झालंय ते ओळखा

जुना कूलर म्हणजे पाच वस्तूंची मोट असते: बॉडी, पंखा आणि मोटर, पंप, ताट्या आणि वायरिंग. पाचही एकदम म्हातारी होत नाहीत. म्हणून "कूलर गेला" असं म्हणण्याआधी काय गेलं ते पाहा.

गार हवा येत नाही, पण वारा भरपूर आहे: दोष ताट्यांत नाहीतर पंपात आहे. ताटीवर हात फिरवून पाहा, अर्थात प्लग काढून. वरून खालपर्यंत ओली हवी. मधे कोरडे पट्टे असतील, तर पाणी वाटणाऱ्या नळीची भोकं क्षारांनी बुजली आहेत. सुई नाहीतर खिळ्यानं ती मोकळी होतात. खर्च शून्य. पंपाच्या जाळीत कचरा अडकला असेल, तोही काढा. पंपच जळला असेल तर नवा पंप काही शे रुपयांत मिळतो.

वारा कमी झालाय, पंखा हळू फिरतो: बहुतेक वेळा कंडेन्सर कमजोर झालेला असतो. तो स्वस्त आहे. मोटरमधून खरखर आवाज येत असेल, तर बुश किंवा बेअरिंग. तेही बदलता येतं. मोटर जळाली असेल तर वाइंडिंग करून मिळतं, पण पुन्हा भरलेली मोटर अनेकदा आधीपेक्षा जास्त तापते. दुसऱ्यांदा जळाली तर नवीन घ्या.

ताट्या: वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ धाग्यांच्या ताट्या एका हंगामासाठीच असतात. बाजारात यालाही बरेच जण 'खस' म्हणतात, पण खरा खस म्हणजे आपला वाळा, सुगंधी मुळांचा. पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत, तो या कूलरचा आजोबाच म्हणा. आता मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कागदी पॅड मिळतात. त्या महाग पडतात, पण नीट ठेवल्या तर दोन-तीन उन्हाळे टिकतात आणि पाणी सगळीकडे सारखं पसरवतात. मात्र आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. त्याचा पांढरा थर या पॅडवर बसला की छिद्रं बुजतात. म्हणून टाकीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण काढून टाका, नुसतं वरून भरत राहू नका. पाणी उडतं, पण क्षार मागेच राहतात आणि दिवसेंदिवस दाट होत जातात.

बॉडी आणि टाकी: वरच्या पत्र्याला गंज असेल तर घासून रंग देता येतो. पण टाकीचा तळ चाळणीसारखा झाला असेल, पंख्याची चौकट हलत असेल किंवा पाणी वायरीपर्यंत उडत असेल, तर त्या कूलरवर आणखी पैसे घालू नका.

आम्ही गटात एक साधा नियम केला आहे. बॉडी आणि टाकी धड असेल तर दुरुस्त करायचा. टाकी गेली असेल, किंवा सगळी दुरुस्ती मिळून नव्या कूलरच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तर बदलायचा. आणि करंट येत असेल, तर मूळ कारण सापडेपर्यंत तो वापरायचा नाही, मग बाहेर कितीही ऊन असो.

नवा कूलर घेताना

दुकानात पहिला प्रश्न येतो, "केवढा पाहिजे?" त्यासाठी घरून माप घेऊन जा. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि निम्मा करा. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली असेल तर १२०० घनफूट, त्याचे निम्मे ६००. एवढे 'सीएफएम' हवा देणारा कूलर त्या खोलीला पुरतो. पत्र्याचं छत असेल तर थोडा मोठा घ्या. डब्यावर घनमीटर दर तासाला असा आकडा असेल, तर सीएफएमला १.७ नं गुणा: ६०० म्हणजे साधारण १००० घनमीटर. डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, म्हणून थोडी सूट धरून चाला.

लोखंडी की प्लास्टिक? लोखंडी कूलर आपल्याकडे गावातच बनतो, त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, पंखा मोठा असतो, वारा भरपूर देतो. पण तो गंजतो आणि अर्थिंग नसेल तर जिवावर बेततो. फायबर किंवा प्लास्टिकच्या बॉडीत करंट उतरत नाही, तरी आतलं पाणी, पंप आणि मोटर तीच असतात, म्हणून तीन पिनांचा प्लग तिथेही हवाच. लेकुरवाळ्या घरात आम्ही प्लास्टिकची टाकी असलेला कूलर सुचवू.

आणखी तीन गोष्टी पाहा. टाकीच्या तळाला पाणी काढायचं बूच आहे का? नसेल तर टाकी कधीच पूर्ण रिकामी होणार नाही. ताट्या काढायला सोप्या आहेत का? आणि मोटर किती वॅटची आहे? मोठे कूलर १५० ते २५० वॅट घेतात. आता बीएलडीसी मोटरचे कूलर आले आहेत, ते साधारण निम्म्या विजेवर चालतात. किंमत जास्त आहे, पण लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर ते जास्त वेळ टिकतात.

पाणी कोण भरणार?

हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. भर दुपारी मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. साठ लिटरची टाकी दिवसातून दोनदा भरायची म्हणजे पंधरा लिटरच्या आठ बादल्या. १२० किलो वजन, रोज, अडीच-तीन महिने. नळ एक दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा येत असेल, तर हे पाणी आणायचं कुठून? २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली होती. त्या दिवसांत टँकरसमोर रांगेत उभ्या राहिलेल्या बायांना विचारा, कूलरचं पाणी म्हणजे काय ते.

म्हणून कूलर केवढा घ्यायचा हे ठरवताना घरात पाणी किती येतं आणि ते कोण भरतं, याचाही हिशेब मांडा. शक्य असेल तर टाकीपर्यंत नळी आणि आपोआप बंद होणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो स्वस्त असतो आणि बादल्या वाचवतो. दोन खोल्यांत दोन कूलर लावण्याऐवजी भर उन्हाळ्यात सगळ्यांनी एकाच खोलीत झोपलं, तर पाणी आणि वीज दोन्ही निम्मी लागते. साबणाचं पाणी कूलरमध्ये टाकू नका. आरओ मशीनचं सोडलेलं पाणी क्षारांनी भरलेलं असतं, तेही नुसतं तसंच भरू नका.

आणि डासांचं विसरू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायचा असतो. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तगतात. टाकी घासायलाच हवी. हे काम मुलांच्या वडिलांना द्या. रविवार त्यांचाही असतो.

एसी कुणाला लागतो?

एसी म्हणजे चैन, असं आम्ही म्हणणार नाही. घरात हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेलं वडीलधारं माणूस असेल, तान्हं बाळ असेल, खोलीला खिडकीच नसेल, तर एसी ही गरज असू शकते. नवतप्यात, २५ मेच्या पुढच्या दिवसांत, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात आणि म्हाताऱ्या शरीराला उष्माघात लवकर होतो. पण एसी घेण्याआधी चार गोष्टी पाहा.

पहिली, बिल. कूलर २०० वॅटचा धरला आणि रोज बारा तास चालवला, तर महिन्याला ७२ युनिट होतात. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला आणि तासाला सरासरी एक युनिट धरलं, तर महिन्याला २४० युनिट. आता घरचा बाकीचा वापर ९० युनिट असेल, तर कूलरवाल्याचं बिल १६२ युनिटांचं येईल आणि एसीवाल्याचं ३३० चं. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. टप्पा वाढला की पुढच्या युनिटांचा दर वाढतो. म्हणून बिल युनिटांपेक्षा वेगानं फुगतं. आपलं मागच्या मे महिन्याचं बिल हातात घ्या आणि हा हिशेब स्वतः करून पाहा.

दुसरी, खोली. एसीला बंद खोली लागते, कूलरला उघडी. पत्रे आणि भिंत यांच्यामध्ये फट असेल, दार नीट लागत नसेल, तर एसी रात्रभर गल्ली गार करत बसेल. आणि एसी व कूलर एकाच खोलीत एकदम चालवू नका. कूलर हवेत ओल सोडतो आणि एसीला ती काढत बसावी लागते.

तिसरी, वायरिंग. दीड टनाच्या एसीला मीटर-बोर्डापासून वेगळी, साधारण ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवी. टीव्हीच्या बोर्डावर एसी लावला की आधी प्लग काळा पडतो, मग पेटतो. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. तो कमी असेल तर आधी वाढवून घ्या.

चौथी, स्टारचं लेबल. त्यावर नुसते तारे मोजू नका, खाली वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा लिहिलेला असतो, तो वाचा. तो वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. शिवाय तारे देण्याचे निकष अधूनमधून कडक केले जातात, २०२२ च्या जुलैतही ते झाले. म्हणून जुन्या लेबलावरचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नाहीत. एसी २४ ते २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं, की तापमान एक अंशानं वर ठेवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते.

नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांकडून जुना एसी फुकट नाहीतर स्वस्तात मिळतो, तेव्हाही विचार करा. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच एसींमध्ये आर-२२ नावाचा गॅस आहे. तो ओझोनच्या थराला मारक असल्यामुळे १९८७ च्या माँट्रियल करारानुसार बंद होत चालला आहे आणि भारतात २०२५ पासून नव्या यंत्रांत तो भरला जात नाही. पुढे तो मिळणं अवघड आणि महाग होत जाणार. आणि एक लक्षात ठेवा: एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दर वर्षी गॅस भरावा लागत असेल, तर तो कुठून तरी गळतो आहे. गळती न शोधता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नका. फुकटातला एसी बिलाच्या रूपानं आपली किंमत वसूल करतो.

छताकडे पाहा

आपल्या घरांत उष्णतेचा मोठा वाटा वरून येतो. स्लॅब असो की पत्रा, दिवसभर तापतो आणि रात्रभर ओकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची झाडून तिला चुन्याचे दोन-तीन पांढरे हात दिले, तर खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घातला तर तो लवकर निघत नाही. पत्र्याच्या घरात खाली छत करून घ्या, किंवा पत्र्यावर हिरवी नेट थोड्या उंचीवर ताणा. पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यानं गारवा येतो, पण ठिणगी पडली तर घर जातं, म्हणून चूल आणि विजेच्या तारा जवळ असतील तिथे हे करू नका. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावा. हा खर्च एकदा होतो, आणि मग छोट्या कूलरवरही भागतं.

तर मैत्रिणींनो, क्रम लक्षात ठेवा. आधी अर्थिंग आणि आरसीसीबी. मग छत आणि खिडकी. मग कूलरची दुरुस्ती. टाकी गेली असेल तर नवा कूलर. आणि घरातल्या माणसाच्या तब्येतीला खरंच गरज असेल तर एसी. कापसाचे पैसे हाती आले की दुकानदार हा क्रम उलटा सांगेल. आपण सुलटा ठेवायचा.

हंगाम संपला की टाकी घासून, उन्हात वाळवून, पंप काढून घरात ठेवा. निकामी कूलर भंगारात देताना त्याची टाकी पावसाळ्यात अंगणात पडू देऊ नका, नाहीतर डासांना आयतं घर मिळतं.

त्या मुलीच्या आईनं आम्हाला शेवटी काय सांगितलं, तेवढं सांगून थांबतो. ती म्हणाली, "दोन वर्सं तो कूलर आमच्याशी बोलून राहिला होता. आम्हीच ऐकलं नाही." आज घरी गेल्यावर आपल्या कूलरचा प्लग काढून हातात घ्या. तीन पिना आहेत का, तेवढं पाहा. नसतील, तर नवा प्लग आणि बोर्ड लावून होईपर्यंत तो कूलर सुरू करू नका.